होजिया टिलरीचा मागचा जिना

होजिया टिलरी वाजवायला बसण्याआधी खोलीतल्या माणसांचे हात बघून घ्यायचा. नाचायला कोण आलंय, कोणाच्या अंगावर नवा सूट आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. पियानोवाल्याचा हात लपत नाही, असं त्याचं म्हणणं. टेबलावर नुसता टेकलेला असला तरी बोटं आपसूक पसरतात, नखं बारीक कापलेली दिसतात. असा एखादा हात नजरेस पडला, की होजिया त्या दिवशी चारचौघांसारखंच वाजवायचा आणि 'मागचा जिना' घरी ठेवून यायचा.

हे नाव त्यानंच दिलेलं, आणि तेही फक्त स्वतःशी. त्याच्या उमेदीच्या काळात पिट्सबर्गच्या हिल या काळ्या लोकांच्या वस्तीत पियानोवाल्याची सगळी इस्टेट म्हणजे डावा हात. खाली घोगरा सूर, वर सुरांचा जुडगा, परत खाली, परत वर. हात नदीच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारत राहायचा आणि घरभर नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन धरून ठेवायचा. होजियाचा हात मध्येच उड्या थांबवायचा आणि ठेका न सोडता एकेक पायरी खाली उतरायला लागायचा. तळ आला असं वाटेपर्यंत उतरायचा, आणि शेवटची पायरीच नसायची. नाचणाऱ्यांचा पाय अधांतरी. तेवढ्यात उजवा हात वरून येऊन सगळ्यांना झेलायचा. लोक ओरडायचे, हसायचे, पुन्हा वाजव म्हणायचे. नेमकं काय झालं ते कोणालाच सांगता यायचं नाही.

लपवायला कारण होतं. तरुणपणी त्यानं बांधलेली एक चाल क्लीव्हलंडचा एक पियानोवाला एका संध्याकाळी ऐकून गेला, आणि वर्षाच्या आत ती चाल त्याच्या नावावर दुकानात विकायला आली. तेव्हापासून होजियानं कानाला खडा लावला होता. मागचा जिना त्यानं कोणाला शिकवला नाही, रेकॉर्ड करणाऱ्यांना दिला नाही. सराव तो घरीच करायचा, मागच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीचा पडदा ओढून. पुढच्या खोलीत त्याची बायको मोझेल हिचं केस करण्याचं दुकान होतं. केस सरळ करायच्या तापलेल्या कंगव्याचा वास, बायकांच्या गप्पा, खुर्च्यांची ओढाओढ. त्या गलबल्यात आपलं वाजवणं बुडून जातं, याचा त्याला फार आधार वाटायचा.

मधल्या काळात पियानोनं बरीच वळणं घेतली. मंदीच्या वर्षांत लोकांना डाव्या हातात आगगाडी हवी होती. एकच चाक गरगर फिरवत राहायचं आणि वरून शिट्ट्या मारायच्या. होजियानं तीही चालवली, पोटासाठी. मग मोठमोठे बँड आले आणि बास हे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा पियानोवाल्याला सांगायला लागला, की बाबा, खालचं मी बघतो, तू डावा हात जरा आवर. आणि आता, दुसरं युद्ध संपल्यावर, ही नवी पोरं. यांचा उजवा हात पोलीस मागे लागल्यासारखा धावतो आणि डावा हात किल्ली हरवलेल्या माणसासारखा अधूनमधून दार ठोठावतो. त्यात नाचायचं कुठं आणि गायचं काय, असं होजियाला वाटायचं. या पोरांना डावा हात जमत नाही म्हणून त्यांनी त्याची फॅशन केली, असा त्याचा संशय होता.

ते साल त्रेपन्न होतं. मार्चअखेरीस एका दुपारी तो आणि एझेल गॅडिस वायली अ‍ॅव्हेन्यूवर यूलाच्या खानावळीत बसले होते. एझेल ड्रम वाजवायचा. दोघं ऐन पंचविशीत होते तेव्हापासून तो होजियाच्या डाव्या हाताला बसत आला होता. आताही दर रविवारी दुपारी लॉजच्या, म्हणजे त्यांच्या बंधुमंडळाच्या, जेवणावळीत दोघं मिळून वाजवायचे. एझेल तळलेल्या माशाचं सँडविच खात होता. कोणीतरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं.

नव्या पोरांपैकीच कोणाचंतरी वाजवणं होतं. संथ. बास आणि झांजेवर हलका ब्रश. होजिया तोंड वाकडं करून कॉफी ढवळत होता आणि ढवळता ढवळता त्याचा हात थांबला. पियानोचा डावा हात तीन पायऱ्या उतरला. फक्त तीन, आणि त्याही दूर दूर. मग शेवटची पायरी नव्हती. वरून झेलायला कोणी आलं नाही. नुसती पोकळी, आणि गाणं तिथून दुसरीकडेच निघून गेलं.

"काय झालं?" एझेलनं विचारलं. "तुला कसला काटा लागला? मासा तर मी खातोय."

"गप्प बस जरा."

त्यानं उठून तीच तबकडी पुन्हा लावली. वाकून ज्यूकबॉक्सच्या काचेतलं नाव वाचलं. सी. मिनिफील्ड आणि साथीदार.

"हा कोण?" त्यानं यूलाला विचारलं.

"मला काय विचारतोस? तो माणूस येतो, जुन्या तबकड्या काढतो, नव्या घालतो. न्यूयॉर्कचं आहे म्हणे."

होजिया टेबलाशी परत आला. "ऐकलंस?"

"काय?"

"आत्ता. डाव्या हाताचं."

"मला तर आख्खं गाणंच ऐकू आलं नाही," एझेल म्हणाला. "कोणीतरी पियानो जिन्यावरून वर चढवतंय, एवढंच कळलं." आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

होजियाच्या मनात पाल चुकचुकली. जिना म्हणाला. इतकी वर्षं ते नाव होजियाच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं, मग याच्या तोंडी जिनाच कसा आला? आणि एझेल गेल्या हिवाळ्याआधी महिनाभर न्यूयॉर्कला बहिणीकडे जाऊन आला होता. तिथं कुठल्या कुठल्या पोरांबरोबर वाजवलं, हे रंगवून सांगतही होता.

घरी जाताना चढावर त्याला धाप लागली तरी तो थांबला नाही. सगळा हिशेब डोक्यात जुळत होता. हे बाहेर फुटायचं तर कोणाकडून? मोझेलला पियानोतलं काही कळत नाही, ती चर्चमध्ये सुद्धा बेसूर गाते. पियानोचे सूर लावायला येणारा म्हातारा कोवाच? होजिया एकदम सावध झाला. मागच्या खेपेला तारा ताणता ताणता कोवाच म्हणाला होता, "मिस्टर टिलरी, या खालच्या चार तारा तुम्ही फार मारता. आणि ही पाचवी तर अगदी कोरी." तेव्हा होजियाला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, की हा माणूस तारांच्या झिजेवरून पावलांचा माग काढतोय. पुढच्या आठवड्यात कोवाच दारात आला तेव्हा होजियानं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"पियानो बरा आहे," तो म्हणाला.

"मला इथूनही ऐकू येतंय, बरा नाही," कोवाच म्हणाला. पण गेला.

त्यानंतर रविवारी लॉजमध्ये होजियानं एझेलवर डोळा ठेवला. इतकी वर्षं शेजारी बसणारा माणूस नेमका कुठं बघतो, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. एझेल पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होता. एकदा नाही, सारखा. होजियानं मागचा जिना वाजवायचा टाळला, तर एझेलनं भुवया उंचावल्या. म्हणजे तो वाट बघत होता. का बघत होता?

"न्यूयॉर्कला पियानोवर कोण असायचं तुमच्याबरोबर?" जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोणी ना कोणी असायचं. नावं कोण लक्षात ठेवतो?"

"मिनिफील्ड?"

"नाही." मग थोडं थांबून, "निदान मला तरी आठवत नाही."

आधी नाही म्हणाला, मग आठवत नाही म्हणाला. होजियाला एवढं पुरे झालं. तो दोन दिवस धुमसत राहिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एझेलच्या दारी गेला. एझेल पायऱ्यांवर बसून ड्रमच्या काठ्यांना सँडपेपर करत होता. समोरच्या घरच्या बायका दोरीवर कपडे घालत होत्या, खाली पोलाद कारखान्यांचा धूर नदीवर पसरला होता.

"ये, बस," एझेल म्हणाला.

"बसायला नाही आलो. तू त्याला काय काय दाखवलंस ते सांग."

"कोणाला?"

"सोंग घेऊ नकोस. डावा हात. माझा. तू शेजारी बसून तो बघत आलास आणि न्यूयॉर्कला नेऊन वाटलास."

एझेलनं काठी मांडीवर ठेवली. अंगठ्यानं तो तिच्यावरचा भुसा झटकत राहिला. होजियाला वाटलं, सापडला.

"होजिया," तो शेवटी म्हणाला, "मला सा की रे कळत नाही. मी तुझ्या हाताकडे बघतो, कारण तू कधी थांबणार ते तुझा हात मला सांगतो. तुझं तोंड सांगत नाही. इतक्या वर्षांत तू मला कधी मान हलवून खूण केली नाहीस, की आता शेवट आला. का, तर कोणीतरी बघेल. मी तुझे हात बघून शिकलो वाजवायला, नाहीतर पडलो असतो कधीच."

"मला उत्तर दे."

"दिलं की. आता दुसरं देतो. रविवारी दुसरा ड्रमवाला बघ."

दोरीवर कपडे घालणाऱ्या बायका थांबून ऐकत होत्या. होजियाला आणखी बरंच बोलायचं होतं, पण एझेल उठून आत गेला आणि जाताना त्यानं दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते होजियाला जास्त लागलं. पण चोर असा साळसूदपणा करतोच, असं त्यानं मनाला बजावलं.

दुसरा ड्रमवाला मिळाला. तो रविवारी उशिरा आला, जोरात वाजवू लागला आणि होजिया थांबला तरी आणखी थोडा वेळ वाजवतच राहिला. जेवणारे लोक हसले. लॉजच्या मॅनेजरनं विचारलं, "एझेलला बरं नाही का?" होजिया म्हणाला, "नसेल."

घरात त्यानं मोझेललाही काही सांगितलं नव्हतं. ती विचारायची, हा म्हणायचा काही नाही. ती कंगवा चुलीवर तापत ठेवायची आणि याच्याकडे बघत राहायची. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी ती सामान घेऊन घरी आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "त्या मेपल रूम क्लबच्या खिडकीत कोणाचा फोटो लावलाय बघितलास का? आपल्या कोरालीचा. केवढी देखणी दिसते. केस मात्र कोणीतरी बिघडवलेत तिचे."

"कोण कोराली?"

"अरे, कोराली मिनिफील्ड. माझ्याकडे यायची ना, गुरुवारी. शनिवारी दुपारी वाजवणार आहे म्हणे इथं. न्यूयॉर्कहून आलीय."

होजिया खुर्चीत बसला. इतके दिवस तो एका पुरुषाला शोधत होता. त्या सी.ला त्यानं मनात मिशासुद्धा लावल्या होत्या. आणि ती त्याच्या घरात, त्याच्या दाराला पाठ लावून बसलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो घरातच फिरायला लागतो. त्यानं बायकोकडे बघितलं.

"दर गुरुवारी?"

"दोनतीन वर्षं तरी. मग गेली न्यूयॉर्कला."

"दर आठवड्याला केस करून घ्यायला तिच्याकडे पैसे होते?"

मोझेल बटाटे सोलायला बसली होती. तिनं सुरी खाली ठेवली. "नव्हते," ती म्हणाली. "कधी कधी तर करण्यासारखं डोक्यावर काही नसायचंही. आदल्या गुरुवारचं जसंच्या तसं असायचं. ती म्हणायची, मिस मोझेल, सावकाश करा, मला घाई नाही. आणि ती दाराजवळची खुर्ची मागायची."

"आणि तू द्यायचीस."

"द्यायची."

"ती पियानो वाजवते हे तुला माहीत होतं."

"तिच्या मांडीवर तिची बोटं हलायची, होजिया. मी काही आंधळी नाही."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मोझेलनं विचारलं. आणि तिनंच उत्तर दिलं. "तू वाजवणं बंद केलं असतंस. गुरुवारी तरी नक्कीच. आणि त्या पोरीशिवाय आणखी एक बाई त्या खोलीत ऐकत असायची. तुझ्या लॉजमध्ये मी सगळ्यांसाठी वाजवलेलं ऐकते. ते दुसरं ऐकायला मला माझ्याच घरात भिंतीला कान लावून उभं राहावं लागतं. तुला कधी वाटलं, बायकोला आत बोलवावं?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"बेसूर गाणाऱ्याला सूर ऐकू येत नाहीत असं कोणी सांगितलं तुला?"

ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. होजियाला तिचा राग आला आणि आपल्याला तिचा राग येतोय याचाही राग आला. एझेलचं नाव तिनं काढलं नाही. पण एझेलचं काय झालं ते तिला ठाऊक होतं, कारण दोरीवर कपडे घालणाऱ्या बायकाही तिच्याकडेच केस करायच्या.

शनिवारी होजिया दाढी करून, चांगला सूट घालून मेपल रूममध्ये गेला. चारचौघांत उभं राहून तिला विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. वाक्यंही घोकून ठेवली होती. तो एका खांबाआड बसला.

पियानो भिंतीकडे वळवलेला होता. वाजवणारीची पाठ दिसायची, हात नाहीत. कोराली मिनिफील्ड आली, बारीक अंगाची, तिशीच्या आतली. पियानोवर बसण्याआधी तिनं वळून सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. अगदी सावकाश. पुढच्या टेबलावर दोन तरुण बसले होते, त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर पसरलेली. तिची नजर तिथं अडली. मग पुढे सरकली.

होजिया खांबाआड आणखी सरकला. ही काय बघतेय ते त्या खोलीत फक्त त्यालाच कळत होतं.

ती तासभर वाजवत राहिली. तो कान टवकारून बसला होता, आत्ता पकडतो, मग पकडतो म्हणत. ती चीज आलीच नाही. यूलाकडच्या तबकडीतलं गाणंही तिनं वाजवलं, पण त्या जागेवर येऊन साधंच काहीतरी वाजवून पुढे गेली. मध्ये मात्र एकदोन ठिकाणी तिचा डावा हात नुसता स्तब्ध राहिला, आणि त्या गप्प हातातही ठेका चालू आहे असं होजियाला वाटलं. ते कसं वाटलं, हे त्याला समजेना. तो मान खाली घालून पुन्हा ऐकायला लागला.

लोक पांगले, वेटर टेबलं पुसायला लागले, तसा तो पुढे गेला. घोकलेल्या वाक्यांपैकी एकही तोंडात आलं नाही.

"वाजवलं नाहीस," तो म्हणाला.

"काय?" तिनं पियानोचं झाकण लावलं आणि वर हात ठेवला.

"तुला माहीत आहे काय ते."

"समोर तीन पियानोवाले बसलेले होते, मिस्टर टिलरी," ती म्हणाली. "दोन त्या टेबलाशी आणि एक खांबाआड. कसं वाजवणार?"

होजियाला हसू येईल असं वाटलं, ते त्यानं दाबलं. "ते माझं आहे."

"त्यातलं काही तुमचं आहे."

"सगळं माझं आहे. मी बांधलंय."

"सगळं? तुमच्या आधी कोणाकडूनच काही आलं नाही?"

"नाही."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की तिचा त्यावर काडीचाही विश्वास नाही हे वेटरलासुद्धा कळलं असतं. "मी तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा. लॉजमध्ये. शिकवाल का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, पोरी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतेस ना, तेच छान आहे. आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. पण तो असं म्हणाला असणार, हे त्याला लगेच पटलं.

"मग मी मिस मोझेलच्या खुर्चीत बसले. कान सगळं देत नाहीत. एक वर्ष मला वाटत होतं की तुम्हाला तीन हात आहेत."

"दाखव," होजिया म्हणाला. "तू त्याचं काय केलंस ते."

"आधी तुम्ही."

तो उभाच राहिला. ती झाकणावरचा हात काढेना. दोघं एकमेकांकडे बाजारात घोड्याचे दात बघणाऱ्या गिऱ्हाइकांसारखे बघत होते. शेवटी होजियानं स्टूल ओढलं. तिनं झाकण उघडलं. त्यानं मागचा जिना वाजवला, एकदाच, आणि वाजवताना एक बोट मुद्दाम चुकवलं. तेवढं आपल्यापाशी राहू दे, असा विचार करून.

"नाही," कोराली लगेच म्हणाली. "गुरुवारी असं नसायचं. गुरुवारी अंगठा आधी यायचा."

होजिया हसला. हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं, आणि खांदे हलेपर्यंत तो हसत राहिला. मग त्यानं अंगठ्यासकट वाजवलं, पूर्ण, उजव्या हातानं झेलण्यासकट. दुपारच्या रिकाम्या खोलीत टेबलं पुसणारा वेटर फडकं हातात धरून थांबला.

कोरालीनं त्याला थोडं सरकायला लावलं आणि शेजारी बसली. तिनं तिच्या पद्धतीनं वाजवलं. तीन पायऱ्या. पोकळी. पुढे.

"झेलत का नाहीस?" त्यानं विचारलं. "लोक पडतील ना."

"पडत नाहीत. मी बघितलंय. थोडा वेळ तिथंच उभे राहतात."

"अधांतरी?"

"हो. तुमच्या लोकांना नाचायचं होतं, त्यांना झेलायलाच हवं होतं. माझे लोक खुर्चीत बसलेले असतात. त्यांना काय होणार आहे?"

त्यानं करून बघितलं. तीन पायऱ्या उतरला आणि हात थांबवायला गेला; पण उजवा हात आपोआप वरून झेपावला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उजवा हात मांडीखाली दाबून धरला, तर डावाच पुढची उडी मारून मोकळा झाला. इतक्या वर्षांची सवय हाताच्या हाडात मुरली होती. कोराली जवळ झुकली. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, आणि त्याला पुन्हा वाटलं, आता हिनं आणखी काय उचललं कोण जाणे. मग वाटलं, आणि हिनं तरी मला सगळं दाखवलं कशावरून? तिच्या डाव्या हाताच्या करंगळीचं काहीतरी होतं, ते तिनं नीट दिसू दिलं नव्हतं.

"एक विचारू?" जाताना त्यानं विचारलं. "न्यूयॉर्कला एझेल गॅडिस भेटला होता तुला? ड्रमवाला?"

"नाही. का?"

"काही नाही," होजिया म्हणाला.

पुढे शरद ऋतूत तिची आणखी एक तबकडी निघाली. तिच्यावर होजियाचं नाव नव्हतं. पण आपल्या काळ्या लोकांच्या एका साप्ताहिकानं तिची मुलाखत छापली, आणि पियानो कुठं शिकलात या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, मिस मोझेलकडे, पिट्सबर्गला. बातमीदारानं ती संगीताची शाळा असावी असं समजून तसं छापून टाकलं. मोझेलनं ते कात्रण दुकानातल्या आरशाला चिकटवलं. तिघीचौघी आया पोरींना घेऊन चौकशीला आल्या, त्यांना तिनं खुर्चीत बसवून केस करून दिले. होजिया कात्रणाकडे बघून चरफडायचा. गुरुवारी दुपारी मोझेल मागच्या खोलीत येऊन बसायला लागली होती. तो थांबला की म्हणायची, "ते मधलं परत."

एझेलकडे तो तेव्हाच, मेपल रूमनंतरच्या सोमवारी, गेला होता. एझेल पायऱ्यांवरच बसला होता. होजियानं उभ्याउभ्याच सांगितलं, की माझं चुकलं, तू काही केलं नव्हतंस.

"हे मला तू सांगायला हवं होतंस का?" एझेलनं विचारलं. "मला माहीतच होतं."

"मग रविवारी ये."

"नाही."

"अजून राग आहे?"

"राग गेला," एझेल म्हणाला. "पण आता मी वर मान करून तुझ्या हाताकडे बघितलं, की तुला वाटणार, हा का बघतोय. आणि तुला वाटतंय असं मला वाटणार. असं कुठं वाजवता येतं का?"

होजिया घरी परतला. त्यानं कोवाचला बोलावून पियानोचे सूर लावून घेतले, त्या कोऱ्या तारेबद्दल कोवाच काही बोलला नाही. लॉजमधल्या ड्रमवाल्याला त्यानं निरोप दिला. उन्हाळाभर रविवारी तो एकटाच वाजवत राहिला. एकट्यानं वाजवताना ठेक्याचा सगळा भार डाव्या हातावर यायचा आणि वयानं तो आता दमायचा. जिथं दमायचा तिथं गाण्यात आपोआप भोकं पडायला लागली. सुरुवातीला त्याला त्यांची लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये एका रविवारी एझेल जेवायला आला. तो लॉजचा सभासद होता, येणारच. पियानोपासून जरा लांब बसला, भाजलेलं डुकराचं मांस आणि पालेभाजी घेतली, कोणाशी तरी बेसबॉलवर बोलत राहिला. एकदाही त्यानं पियानोकडे बघितलं नाही. होजिया एक जुनी चाल वाजवत होता. तो पायऱ्या उतरू लागला आणि तळाशी, का कुणास ठाऊक, त्याचा उजवा हात आला नाही. क्षणभर काहीच नव्हतं. मग घाबरून त्यानं पुढचे सूर एकदम गोळा करून आपटले.

"घाई केलीस," एझेल ताटातून मान वर न करता म्हणाला. बेसबॉलवाल्याला वाटलं आपल्यालाच काही म्हणतोय.

होजियानं वळून बघितलं नाही. तो चालीच्या सुरुवातीला परत गेला.